खिळा झिजवणाऱ्या पाण्याचे गाव

जपानच्या गुन्मा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर, कुसात्सू नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजारांची. रेल्वे तिथवर पोहोचत नाही. नागानोहारा-कुसात्सुगुची स्थानकावर उतरून पुढे जवळजवळ अर्धा तास बसने डोंगर चढावा लागतो. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात धुके. तरीही अलीकडच्या वर्षांत तिथे दर साली तीस लाखांहून अधिक माणसे येतात, आणि त्यांतली बहुतेक एकाच कामासाठी येतात: गरम पाण्यात बसायला.

पण हे पाणी साधे नाही. त्यात लोखंडी खिळा टाकून ठेवला तर आठ-दहा दिवसांत तो झिजून काडीएवढा बारीक होतो. सिमेंटचे बांधकाम या पाण्यापुढे टिकत नाही. बोटात चांदीची अंगठी असेल तर ती काळवंडते. साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. थेंब जिभेवर ठेवला तर आंबट लागतो, आणि मागाहून तुरट. अशा पाण्यात माणसे गळ्यापर्यंत बुडून बसतात आणि लालबुंद, समाधानी चेहऱ्याने बाहेर येतात.

लोखंडाचे जे होते ते माणसाच्या कातडीचे का होत नाही? डोंगरातून येणारे पाणी लिंबाच्या रसाइतके आंबट होतेच कसे? आणि दिवसरात्र वाहणारे हे आंबट पाणी शेवटी जाते कुठे? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कुसात्सूच्या कर्तृत्वाचा सर्वांत मोठा भाग मात्र त्याच्याच उत्तरात आहे.

आंबटपणा येतो कुठून?

गरम पाण्याची कुंडे आपल्याला नवीन नाहीत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, तुरळ, उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे अशी त्यांची एक रांगच कोकणात आहे. पण कोकणात आज जागा ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; तो केव्हाच थंड झाला. तिथे पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरते. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते, त्या उष्णतेने पाणी तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. हा प्रवास फार सावकाश होतो. पाणी खडकाशी दीर्घकाळ लगट करते, त्यात आंबटपणा असलाच तर तो खडकातली खनिजे शोषून घेतात. म्हणून कोकणातले हे पाणी चवीला खारट असेल, पण आम्लधर्मी नसते.

कुसात्सूच्या पश्चिमेला २१६० मीटर उंचीचा कुसात्सू-शिराने हा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर युगामा नावाचे विवरातले तळे आहे, निळसर दुधाळ रंगाचे आणि अतिशय आम्लधर्मी. डोंगराच्या पोटात वितळलेला खडक असल्याने तिथून सतत वायू वर येतात. त्यांत गंधकाचे दोन वायू असतात: एक सल्फर डायऑक्साइड आणि दुसरा सडलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. जोडीला हायड्रोजन क्लोराइडही असतो. पाऊस आणि वितळलेला बर्फ डोंगरात मुरतो, त्याची या वायूंशी गाठ पडते आणि ते पाण्यात विरघळतात. गंधकाच्या वायूंपासून गंधकाम्ल बनते, हायड्रोजन क्लोराइडपासून हायड्रोक्लोरिक आम्ल.

एकदा पाणी असे आम्ल झाले की ते वाटेतला खडक खाऊ लागते. खडकातले अॅल्युमिनियम, लोह, मँगनीज त्यात उतरतात. अॅल्युमिनियम आणि गंधकाम्लाचे क्षार एकत्र आले की तुरटीच्या जातीचे मिश्रण तयार होते. जिभेला लागणारा तुरटपणा त्याचाच. वायूंचा पुरवठा इतका भरपूर आहे की खडकातली खनिजे आंबटपणा शोषून संपवूच शकत नाहीत. पाणी बाहेर पडते तेव्हाही त्याचा सामू २ च्या आसपास असतो.

> चौकट : सामू म्हणजे काय?
>
> शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या अहवालामुळे हा शब्द ठाऊक असतो. पाणी किती आंबट आहे ते सांगणारे हे माप. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे माप पायरीगणिक दहापटीने बदलते. सामू ६ चे पाणी ७ च्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल, ५ चे शंभरपट. या हिशेबाने कुसात्सूचे पाणी शुद्ध पाण्यापेक्षा जवळजवळ एक लाख पट आम्ल ठरते. लिंबाच्या रसाचा सामूही २ ते २.५ च्या दरम्यान असतो.

खिळा झिजतो, कातडी का नाही?

आम्लाच्या पाण्यात हायड्रोजनचे विद्युतभारित कण मोकळे फिरत असतात. लोखंडाचा प्रत्येक अणू त्यांना आपले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो आणि स्वतः पाण्यात विरघळतो. खिळ्याच्या पृष्ठभागावरून असा एकेक थर निघून जातो. पाणी गरम असल्याने ही क्रिया आणखी वेगाने होते.

कातडीचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्या पेशींत केराटिन नावाचे चिवट प्रथिन असते, ज्याची नखे आणि केस बनतात तेच. पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. सौम्य आम्लाला हा थर सहसा दाद देत नाही. शिवाय कातडी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. निरोगी माणसाच्या त्वचेचा सामू ५ च्या आसपास असतो. आणि वेळेचाही प्रश्न आहे. खिळा पाण्यात दिवसचे दिवस पडून राहतो, माणूस काही मिनिटांत बाहेर येतो.

पण कातडीला काहीच होत नाही, असे म्हणणे खरे नाही. पूर्वी लोक उपचारासाठी आठवडेच्या आठवडे राहून दिवसातून अनेकदा स्नान करत. त्यांच्या काखेत, जांघेत, जिथे त्वचा नाजूक असते तिथे, काही दिवसांनी लाली येऊन चट्टे उठत आणि ते चिघळत. उपचाराचा तो एक टप्पाच मानला जाई. मग परतीच्या वाटेवर हे लोक सावातारी नावाच्या दुसऱ्या झऱ्यावर मुक्काम करत. तिथले पाणी सौम्य, किंचित अल्कधर्मी. चिघळलेली त्वचा तिथे शांत होई. सावातारी आजही कुसात्सूनंतरचे विश्रांतीचे पाणी म्हणून ओळखले जाते. प्रयोगशाळा नसलेल्या काळात लोकांनी दोन झऱ्यांचे गुण अनुभवाने पारखून त्यांची अशी जोडी लावली, याचे मला फार कौतुक वाटते.

साबणाचे कोडेही इथेच सुटते. साबण म्हणजे चरबीतल्या आम्लाचा सोडियमशी केलेला संयोग. आम्लधर्मी पाण्यात सोडियमची जागा हायड्रोजन घेतो, साबण पुन्हा मूळ चरबीच्या आम्लाकडे वळतो आणि त्याला फेस येत नाही. तसाही साबण जपानी स्नानकुंडात चालतच नाही. अंग आधी बाहेर स्वच्छ करायचे, कुंडातले पाणी तांब्या-तांब्याने अंगावर घेऊन शरीराला सवय करायची आणि मगच आत उतरायचे, हा सगळीकडचा नियम.

पाणी न घालता पाणी निववायचे

गावाच्या मध्यभागी युबाताके आहे. नावाचा अर्थ गरम पाण्याचे शेत. दगडी कठड्यांनी वेढलेल्या या जागेतून दर मिनिटाला सुमारे चार हजार लिटर पाणी जमिनीतून आपोआप वर येते, पंप लावावा लागत नाही. गावातले सगळे झरे धरले तर आकडा मिनिटाला बत्तीस हजार लिटरांच्या पुढे जातो. आपणहून वाहणाऱ्या उष्णोदकात जपानमध्ये कुसात्सूचा क्रमांक पहिला लावतात. युबाताकेचा आजचा परिसर १९७५ मध्ये चित्रकार आणि शिल्पकार ओकामोतो तारो यांच्या देखरेखीखाली घडवला गेला.

पाणी वर येते तेव्हा पन्नाशीच्या पुढे तापलेले असते. अंघोळीला ४२ अंशही जपानी माणसाला पुरतात. मग गार पाणी मिसळले की झाले, असे आपल्याला वाटेल. कुसात्सूत हे पूर्वीपासून टाळतात, कारण त्याने आंबटपणा आणि खनिजे पातळ होतात. लोक ज्यासाठी इतका डोंगर चढून आले तेच कमी करायचे, हे गावाला पटत नाही.

त्यावर गावाने दोन उपाय काढले. पहिला युबाताकेतच दिसतो. पाणी लाकडी पन्हळींच्या रांगेतून संथपणे वाहत नेतात. उघड्या हवेत वाहताना त्याची वाफ होते आणि ते निवते. याच पन्हळींच्या तळाशी पिवळसर पांढरा थर जमतो. पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की गंधक सुटा होऊन खाली बसतो. हा थर ठरावीक काळाने खरवडून, वाळवून घरच्या अंघोळीत घालायची पूड म्हणून विकतात. पन्हळी लाकडाच्या असण्याचे कारण उघड आहे: लोखंड इथे टिकले नसते.

दुसरा उपाय म्हणजे युमोमी. साधारण सहा फूट लांबीच्या आणि फूटभर रुंदीच्या फळ्या घेऊन बायका कुंडाभोवती उभ्या राहतात आणि एका तालात, गाणी म्हणत, पाणी उलटेपालटे करतात. आता त्याचे प्रयोग पर्यटकांसाठी युबाताकेशेजारच्या नेत्सु-नो-यु इमारतीत होतात, पण मूळ हेतू पाणी निववण्याचाच. कढत चहा आपण बशीत ओततो, त्यामागचे विज्ञान हेच. पृष्ठभाग वाढला की वाफ जास्त होते, आणि वाफ होणारे पाणी उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. हा परिणाम किती मोठा असतो ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. शंभर लिटर गरम पाण्यातले फक्त एक लिटर वाफ होऊन उडाले, तर उरलेले नव्व्याण्णव लिटर साधारण साडेपाच अंशांनी निवते. पाणी फक्त शेकडा एक घटले, खनिजे सगळी तिथेच राहिली. शिवाय वरचे कढत आणि तळाचे कोमट पाणी एकजीव होते आणि कुठेही चटका बसत नाही.

एका झऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. बान्दाइको नावाचा हा झरा १९७० मध्ये गंधकाच्या खाणीचे खोदकाम चालू असताना सापडला. त्याचे पाणी ९५ अंशांच्या आसपास असते. १२०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी ९६ अंशांच्या सुमारास उकळते, म्हणजे हा झरा जवळजवळ उकळताच बाहेर येतो. या पाण्याची उष्णता गावाने पळवून कामाला लावली आहे. आम्लाने न झिजणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या एका बाजूने झऱ्याचे पाणी जाते, दुसऱ्या बाजूने पिण्याचे साधे पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, उष्णता तेवढी पलीकडे जाते. असे तापलेले साधे पाणी नळाने घराघरांत पोहोचते, आणि रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठीही ही उष्णता वापरली जाते. आणि मूळ झऱ्याचे पाणी निवल्यावर कुंडांत जाते.

तीन मिनिटांची अंघोळ

कुसात्सूची पूर्वीची सर्वांत कडक प्रथा म्हणजे वेळ मोजून केलेले स्नान, तिथल्या भाषेत जिकान-यु. एकोणिसाव्या शतकात ती आकाराला आली. पाणी ४६ ते ४८ अंशांचे, बसायचे फक्त तीन मिनिटे. युचो म्हणजे स्नानप्रमुख. तो सांगेल तेव्हाच सगळ्यांनी एकदम उतरायचे. त्याआधी फळ्यांनी पाणी घुसळायचे आणि डोक्यावर तीसेक वेळा पाणी ओतायचे. पाण्यात असताना तो उरलेला वेळ पुकारायचा आणि सगळे एका सुरात ओ द्यायचे. वेळ संपली की सगळे एकदम बाहेर.

ही शिस्त कठोर वाटते, पण तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. इतक्या कढत पाण्यात माणूस स्थिर बसला की कातडीलगतचा पाण्याचा पातळ थर शरीराला उष्णता देऊन जरा निवतो, आणि तोच थर ढाल बनतो. शेजारच्याने हात हलवला तरी तो थर विस्कटतो आणि कढत पाणी थेट कातडीला भिडते. म्हणून कोणी एकट्याने मध्येच आत-बाहेर करायचे नाही. एका सुरात ओ दिल्याने कोणाला भोवळ येते आहे का, तेही कळते. डोक्यावर आधी पाणी ओतणे हे शरीराला उष्णतेची पूर्वसूचना देण्यासाठी. या स्नानातला धोका खरा आहे: एवढ्या कढत पाण्यात एकदम उतरले की रक्तदाब उसळतो. हृदयविकार असलेल्याने हा प्रयोग करू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने ही पद्धत बारकाईने पाहिली होती. तो १८७६ मध्ये टोकियोत वैद्यकशास्त्र शिकवायला आला आणि जवळपास तीन दशके जपानमध्ये राहिला. सम्राटाच्या कुटुंबाचाही तो वैद्य होता. कुसात्सूची हवा आणि पाणी यांचा त्याने युरोपातही गौरव केला. गावात जमीन घेऊन आरोग्यधाम उभारायचे त्याच्या मनात होते. ते झाले नाही. पण त्याचे जन्मगाव बीटिगहाइम आणि कुसात्सू यांचे भगिनीनाते १९६२ पासून आहे.

औषध कुठवर?

कुसात्सूची ख्याती जुनी आहे. अठराव्या शतकात आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने यांच्यासाठी इथले पाणी पिंपांत भरून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, नेले जाई. पुढे कुस्तीगिरांच्या क्रमवारीच्या धर्तीवर उष्णोदकाच्या गावांचीही क्रमवारी छापली जाऊ लागली. तिच्यात पूर्वेकडचे अव्वल स्थान कुसात्सूला असे, पश्चिमेकडचे आरिमाला. त्या काळी थंडीत मात्र गाव बंद असे. गावकरी खालच्या खेड्यांत उतरत आणि वसंतात परतून पुन्हा सराया उघडत.

पण पाण्याने रोग बरे होतात का? जपानचा १९४८ चा उष्णोदक कायदा याबाबत काही सांगत नाही. झऱ्यापाशी तापमान २५ अंश किंवा त्याहून अधिक असले, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात असला, की त्या पाण्याला उष्णोदक म्हणता येते, एवढेच तो सांगतो. तापमानाची ही अट आपल्या वज्रेश्वरीचे कुंडही सहज पुरी करील. गुण येतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

कुसात्सूच्या बाबतीत एक गोष्ट खरोखर तपासली गेली. गावात गुन्मा विद्यापीठाचे शाखा-रुग्णालय होते. अॅटोपिक त्वचादाह, म्हणजे सतत खाज सुटून त्वचा लाल होणारा विकार, असलेल्या रुग्णांना तिथल्या स्नानाने आराम पडतो असे डॉक्टरांच्या लक्षात आले. अशा त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बोकाळलेला असतो आणि तो दाह वाढवतो. १९९० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की आम्लधर्मी पाण्यातले मँगनीज आणि आयोडाइड मिळून या जिवाणूला मारतात. म्हणजे निव्वळ आंबटपणाचे हे काम नाही, त्यातल्या अल्प खनिजांचेही आहे. पाणी पातळ न करण्याचा गावाचा जुना आग्रह इथे समजून घेता येतो. मात्र यावरून सगळ्या रोगांवर उपाय असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. कुसात्सूच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान अशाच आशेने लिहिले गेले.

युनोसावा

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ मध्ये शोधला, आणि त्यावर परिणामकारक औषध १९४० च्या दशकात आले. त्याआधी जपानभरचे रुग्ण कुसात्सूला येत. आम्लधर्मी पाण्याने जखमा वरवर सुकत, म्हणून रोगही जाईल अशी आशा त्यांना वाटे. जंतू मात्र शरीरात मज्जातंतूंपर्यंत पोहोचलेला असे. अंघोळीचे पाणी तिथे पोहोचत नाही.

१८६९ च्या आगीत कुसात्सू जळाले. ते पुन्हा उभे राहिल्यावर निरोगी पाहुणे यावेत म्हणून १८८७ मध्ये रुग्णांना गावाच्या खालच्या अंगाला युनोसावा या जागी हलवले. हेतू त्यांना दूर ठेवण्याचा होता, पण तिथे काही शे लोकांचे जिते-जागते गाव उभे राहिले. रुग्णांनी स्वतःच्या सराया, दुकाने चालवली, आपले प्रमुख निवडले, लग्ने केली, करही भरले. १९१६ मध्ये मेरी कॉर्नवॉल ली ही इंग्रज धर्मसेविका तिथे आली, तेव्हा ती साठीला टेकली होती. स्वतःचे पैसे खर्चून तिने दवाखाना, शाळा आणि वसतिगृहे काढली.

पुढे सरकारचे धोरण रुग्णांना आयुष्यभर डांबण्याकडे वळले. १९३२ मध्ये गावाबाहेर कुरिऊ राकुसेन-एन हे सरकारी कुष्ठरुग्णालय सुरू झाले आणि १९४१ मध्ये युनोसावा मोडून टाकले गेले. या रुग्णालयाच्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात एक कोठडी होती. कागदोपत्री तिचे नाव विशेष रुग्णकक्ष. देशभरच्या कुष्ठरुग्णालयांत जे रुग्ण तक्रार करत किंवा पळून जात, त्यांना खटल्याशिवाय तिथे पाठवले जाई. उणे तापमानात शेकोटी नाही, खायला अगदी थोडे. एकूण ९३ जणांना तिथे कोंडले गेले, त्यांतले २३ मरण पावले.

औषध मिळू लागल्यावरही सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले, तेव्हा सरकारने अपील न करता माफी मागितली. कोठडीच्या जागेजवळ २०१४ पासून संग्रहालय आहे. युबाताकेचे दिवे पाहायला आलेल्या प्रत्येकाने तिथेही जावे, असे मला मनापासून वाटते.

नदीत रोज पन्नास टन चुनखडी

आता तिसरा प्रश्न. डोंगरातून झिरपणारे आणि कुंडांतून वाहून आलेले पाणी युकावा नदीत जाते. तिचे पाणी पुढे आगात्सुमा नदीला मिळते, आगात्सुमा तोनेला, आणि तोने हा टोकियोच्या पाणीपुरवठ्याचा मोठा आधार. पूर्वी युकावात मासा जगत नसे. पाणी शेतीला चालत नसे. पुलाच्या खांबांचे सिमेंट आणि लोखंड ती खात जाई, त्यामुळे धरण बांधणेही शक्य नव्हते.

१९६४ मध्ये गुन्मा प्रांताने गावाच्या खालच्या अंगाला नदीचे पाणी उदासीन करणारा कारखाना सुरू केला. अख्ख्या वाहत्या नदीवर असा उपाय त्यापूर्वी जगात कुठेच झालेला नव्हता. १९६८ पासून तो केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याकडे गेला. पद्धत साधी आहे: चुनखडीची पूड पाण्यात कालवून त्याचे दुधासारखे पांढरे मिश्रण करायचे आणि नदीत सोडायचे. रोज सरासरी पन्नास टनांहून अधिक पूड लागते. काम चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालते, कारण झरे सुट्टी घेत नाहीत.

भाजलेला चुना इथे वापरत नाहीत, साधी चुनखडीच वापरतात, याला कारण आहे. चुन्याचे प्रमाण जरा चुकले तर नदी एकदम अल्कधर्मी होऊन तीही जिवांना घातक ठरली असती. चुनखडीला स्वतःची मर्यादा आहे. पाणी आम्लधर्मी असेल तोवर ती भराभर विरघळते. आंबटपणा संपत आला की तिचे विरघळणे जवळजवळ थांबते. पूड थोडी जास्त पडली तरी नुकसान होत नाही. गंधकाम्लाशी तिचा संयोग होऊन जिप्सम तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी निघून जातो. मिसळायला वेगळी टाकी लागत नाही, दगडधोंड्यांवरून आपटत जाणारी नदीच ते काम करते. पुढच्या काही किलोमीटरांत सामू २ वरून ५-६ पर्यंत येतो.

सामू वाढला की आम्लात विरघळून राहिलेले लोह आणि अॅल्युमिनियम गाळ होऊन खाली बसतात. ज्वालामुखीच्या पाण्यात थोडे आर्सेनिकही असते; ते लोहाच्या गाळाला चिकटते आणि पाण्यातून बाहेर पडते. हा सगळा गाळ अडवण्यासाठी १९६५ मध्ये शिनाकी धरण बांधले. त्याचे पाणी हिरवट निळे दिसते आणि लोक ते पाहायला थांबतात, पण ते तळे म्हणजे गाळ बसवण्याची टाकी आहे. गाळ साचत जातो तसा तो यंत्राने उपसून, पिळून, वेगळा साठवावा लागतो. आर्सेनिक असल्याने तो कुठेही टाकून चालत नाही. साठवायला जागा शोधणे हेच आता या कामातले सर्वांत अवघड काम झाले आहे.

नदी उदासीन झाल्यावर खाली मासे आले, शेतीला पाणी मिळाले. आणि आगात्सुमावर मोठे धरण बांधणेही शक्य झाले. यान्बा धरणाची कल्पना १९५२ ची. आम्लधर्मी पाण्यात सिमेंट टिकणार नाही म्हणून ती मागे पडली होती. चुनखडीने तो अडसर दूर केला. त्यानंतर अनेक दशके स्थानिकांचा विरोध चालला, २००९ मध्ये सरकारने काम थांबवले, पुन्हा सुरू केले आणि २०२० मध्ये धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली गेले ते कावारायु नावाचे दुसरे जुने उष्णोदकाचे गाव. तिथल्या कुटुंबांना डोंगराच्या वरच्या अंगाला हलवले गेले, पण अनेकांनी गाव सोडले. रेल्वेमार्गही वर घ्यावा लागला. नव्या कावारायुत काही सराया आज पाहुणे घेतात. कुसात्सूला निघालेल्याला तिथले स्थानक नागानोहाराच्या आधी लागते.